स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवताना आपला मराठी कान जरा तपासा

स्पेनमध्ये इंग्रजीच्या शिकवणीला मागणी कायम असते. पदवी पूर्ण करायची, सरकारी परीक्षेत गुण वाढवायचे, चांगली नोकरी मिळवायची, जिथे जावं तिथे बी-१ नाहीतर बी-२ चं, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या मधल्या पातळ्यांचं, प्रमाणपत्र विचारतात. त्यामुळे इथे येऊन इंग्रजी शिकवायचा विचार करणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितेय. व्याकरण तुम्हाला येतं, हे मी धरूनच चालते.

पहिल्याच तासाला काही चुका कानाला टोचतील. 'एस्कूल', 'एस्टुडंट', 'पीपल इज', 'आय हॅव ट्वेंटी इयर्स'. वाक्याचा कर्ता गाळून नुसतंच 'इज रेनिंग'. यांची काळजी करू नका. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'स' ला जोडून व्यंजन येत नाही, आधी 'ए' लागतोच. 'लोक' या अर्थाचा त्यांचा शब्द एकवचनी आहे, वय 'असतं' नव्हे तर 'जवळ असतं'. कारण सांगितलं, सराव दिला, की हळूहळू सुटतात. 'स्कूल'साठी आधी लांब 'स्स्स' म्हणायला लावा आणि तो न तोडता पुढे जाऊ द्या.

खरा धोका वेगळीकडे आहे. जी चूक मराठीही करते, ती तुम्हाला ऐकूच येणार नाही. 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' हे विद्यार्थी म्हणतो, कारण स्पॅनिशमध्ये तिथे वर्तमानकाळ येतो. आपणही 'तीन वर्षांपासून इथे राहतो' असंच म्हणतो, म्हणून मान डोलावून पुढे जातो. परीक्षक पुढे जात नाही.

याहून मोठा सापळा 'शिप' आणि 'शीप'चा, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाच. ब्रिटिश इंग्रजीत जोडस्वर धरून साधारण वीस. म्हणजे इंग्रजीचे दोन 'इ' त्यांच्या एकाच घरात कोंबले जातात. आपण देवनागरीवाले लगेच सांगतो, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. फळ्यावर लिहून दाखवायलाही सोपं. मीही तसंच सांगायचे. विद्यार्थी इमानदारीत तोच आवाज एकदा आखूड, एकदा लांब काढतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा 'शीप'च ऐकू येतं.

कारण फरक मुळात लांबीचा नाहीच, जिभेच्या जागेचा आहे. लांबी तर शेजारच्या व्यंजनावर हलते. 'बीट'मधला स्वर पुढच्या अघोष (घसा न थरथरता निघणाऱ्या) 'ट'मुळे आक्रसतो आणि 'बिड'मधल्या स्वराइतकाच होऊन बसतो. मग लांबीवर विसंबलेल्याने काय करायचं? आपल्याला हे जाणवत नाही, कारण मराठीत 'दिन' आणि 'दीन' लिहिताना वेगळे असले तरी बोलताना जीभ जागची हलत नाही.

करायचं असं. विद्यार्थ्याला स्पॅनिश 'ई' म्हणायला लावा, ओठ ताणलेले. आता आवाज चालू ठेवून हळूहळू 'ए'कडे यायला सांगा. अर्ध्या वाटेवर थांबवा. ओठ सैल, जबडा किंचित खाली. तिथे 'शिप' आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका परिचारिकेला हे सापडलं तेव्हा ती म्हणाली, हा तर बिघडलेला 'ए' वाटतो. वाटू दे. सुरुवातीला तो तसाच वाटला पाहिजे. पण आधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. तुमचे दोन 'इ' वेगळे नसतील, तर शिकवू नका, आधी शिका.

एक माझं ठाम मत. इंग्रजी शब्द स्पॅनिश अक्षरांत लिहून घेण्याची पळवाट विद्यार्थ्यांना फार आवडते. ती वही बंद करायला लावा. पाच स्वरांच्या अक्षरांत वीस स्वर मावत नाहीत. जाहिरातीत 'नातिवो', म्हणजे जन्मजात इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा असं दिसलं, तरी खचू नका. त्यातल्या अनेकांना उच्चार येतो, पण तो कसा होतो हे सांगता येत नाही.

आणि विद्यार्थ्यांवर चिडू तर मुळीच नका. स्पेनमध्ये 1941 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परदेशी चित्रपटांचं डबिंग सक्तीचं झालं. सक्ती पुढे उठली, सवय राहिली. घरात टीव्हीवर इंग्रजी कानावर न पडताच कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. मूळ भाषेत बघा, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मराठी आपल्याला साथही देते. 'जहाज'मधला 'ज' आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे तो स्वतंत्र वर्ण नाही, म्हणून 'आईज'चं 'आइस' होतं. 'फ्रॉम'चं 'फ्रॉन' झालं की आपल्याला चटकन कळतं. शब्दारंभीच्या इंग्रजी 'प, ट, क'मध्ये हवेचा झोत असतो. तो स्पॅनिशमध्ये नाही आणि आपल्या इंग्रजीतही सहसा नाही. पण 'ख', 'थ'सारखे महाप्राण आपल्या ओळखीचे आहेत, त्यामुळे ओठांसमोर कागदाची पट्टी धरून तो झोत आपण सहज दाखवू शकतो.

बी-२ ची केंब्रिजची तोंडी परीक्षा जोडीने होते, साधारण 14 मिनिटं. सरावाला दोन स्पॅनिश विद्यार्थी एकत्र बसवले की एकमेकांच्या चुका त्यांना बिनबोभाट समजतात, कुठे काही अडतच नाही. म्हणून एखाद्या वेळी जोडीला पोलिश किंवा चिनी विद्यार्थी बसवा. 'शिप' म्हटल्यावर तो 'शीप' समजला, तर तिथेच थांबून पुन्हा 'ई'पासून 'ए'कडे निघायचं.