३२ बारचं प्रेमगीत: जुन्या हॉलिवूड संगीत-विनोदपटाच्या साच्यात गाणं कसं बांधावं

हॉलिवूडच्या १९३० ते १९५० या काळातल्या संगीत-विनोदपटांत एक प्रसंग हमखास येतो. चाल बांधणारा एक, शब्द लिहिणारी एक, मध्ये पियानो, डोक्यावर निर्मात्याची मुदत, आणि लिहायचंय प्रेमगीत. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. असा प्रसंग रचायला घेतला की गाणं किमान दोनदा येणार हे धरूनच चालायचं. पहिल्यांदा ते नुसतं काम असतं, दुसऱ्यांदा कबुली. म्हणून शीर्षकापासून शेवटच्या सुरापर्यंत प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नावर तपासायची: एकही शब्द न बदलता हे गाणं दुसऱ्यांदा उभं राहील का?

या मागणीमागे धंद्याचं कारणही होतं. १९२९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने विटमार्क, हार्म्स आणि रेमिक या गाणी छापणाऱ्या संस्था विकत घेतल्या. बोलपटातलं गाणं कथेपासून सुटं करून विकता यावं, ही स्टुडिओंची गरज होती. आर्थर फ्रीड आणि नॅसिओ हर्ब ब्राउन यांनी एमजीएम स्टुडिओसाठी लिहिलेलं 'सिंगिन इन द रेन' १९२९ च्या एका रेव्ह्यूपटात (सुट्या नाच-गाण्यांच्या चित्रपटात) आलं; १९५२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट या जोडीच्या जुन्या गाण्यांभोवती लिहिला गेला. कथा आधी आणि गाणी नंतर, हा क्रम तिथे उलटा झाला, तरी गाणी परकी वाटत नाहीत. कारण शब्द एकाच प्रसंगाला खिळलेले नव्हते. पात्राचं नाव, गावाचं नाव, कथेतली वस्तू यांपैकी काहीही गाण्यात शिरू देऊ नका.

आधी शीर्षक, मग चाल

शीर्षक दोन ते पाच शब्दांचं, बोलता बोलता तोंडून निघेल असं हवं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे शीर्षक निकामी, कारण ते पहिल्याच खेपेला सगळं सांगून टाकतं आणि दुसऱ्या खेपेला काही उरत नाही. नकार, शंका, अट किंवा सबब अशी शीर्षकं उत्तम चालतात: "समजा मी म्हटलं तर", "सहज विचारलं", "नुसतं गाणं आहे हे". भांडणाऱ्या जोडीला अशी वाक्यं शोभतात, आणि प्रेक्षकाला त्यांच्या पाठीमागचं दिसतं.

शीर्षक बसवायच्या जागा दोनच: पहिल्या आठ बारची (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा तालाचा तुकडा) पहिली ओळ किंवा शेवटची ओळ. मधल्या ओळीत टाकलेलं शीर्षक थिएटरबाहेर पडल्यावर कुणाला आठवत नाही.

सांगाडा

नेहमीचा साचा एएबीए, प्रत्येक भाग आठ बारचा; अक्षर तेच तर चालही तीच. पहिला ए अर्धवट थांबतो, म्हणजे सी पट्टीत असाल तर जी-सेव्हन या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर). दुसरा ए घरी येतो, सीवर. बी म्हणजे ब्रिज, तो दुसरीकडे जातो. तिसरा ए परत येऊन दार लावतो. दुसरा प्रचलित साचा एबीएसी. त्यात १६-१६ बारचे दोन अर्धे असतात आणि पहिला अर्धा मधेच लटकवून ठेवता येतो. वर्णनाच्या किंवा आठवणीच्या गाण्याला तो बरा. दोन माणसांच्या ओढाताणीला एएबीएच हवा, कारण त्यात ब्रिज आहे आणि खरं काम ब्रिज करतो.

हा साचा ताणता येतो, पण कारण असल्याशिवाय नाही. गर्श्विन बंधूंच्या १९३० च्या 'आय गॉट रिदम'मध्ये शेवटी दोन बार जास्त आहेत, एकूण ३४. ते दोन बार शेवटच्या ओळीला टाळीची जागा करून देतात. तुमच्या जास्तीच्या बारना असं काही काम नसेल तर ते कापा.

शब्द थोडे पुरतात. ३२ बारमध्ये दर दोन बारना एक ओळ धरली तर १६ ओळी होतात. शब्द घट्ट कोंबले की नट श्वास घ्यायला शब्दाच्या मधे थांबतो, आणि पडद्यावर ते ओठांवरून लगेच कळतं.

नमुना म्हणून १६ ओळी, ४/४ मध्ये, दर ओळीला आठ ठोके:

नुसतं गाणं आहे हे,
चंद्र आणला यमकाला;
वारा भरला चालीपुरता,
अर्थ कशाला शब्दाला?

नुसतं गाणं आहे हे,
'तू' म्हणजे कोणीही;
नाव घालू हवं ते नंतर,
जागा अजून मोकळी ही.

पण मधल्या ओळी सुचताना
बोट का अडतं पट्टीवर?
कोण बघतं कोणाकडे
सूर लांबला थोडा तर?

उद्या विकू बाजारी ते,
आज पुन्हा म्हण, हळूच घे;
शेवटचा सूर सोडू नको ना,
नुसतं गाणं आहे हे.

पहिल्या ओळीत सात उच्चार आहेत: नुस-तं-गा-णं-आ-हे-हे. शेवटच्या 'हे'ला दोन ठोके दिले की आठ होतात आणि श्वासाची जागाही मिळते. तिसरी ओळ मुद्दाम आठही ठोके भरते, थांबत नाही, त्यामुळे चौथी ओढून आणल्यासारखी येते. ब्रिजच्या 'पण'ला मात्र बारच्या पहिल्या ठोक्यावर बसवू नका. आधीच्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर ते घ्या. पहिल्या ठोक्यावर 'मधल्या' पडलं पाहिजे. शीर्षक पहिल्या दोन भागांत वर आहे आणि शेवटच्या भागात तळाला सरकलं आहे. चाल तीच, पण ज्या सुरावर आधी सुरुवात होत होती तिथे आता "उद्या विकू" येतं आणि शीर्षक घरच्या सुरावर संपतं. रिप्राइजला, म्हणजे गाणं पुन्हा येतं तेव्हा, याचा उपयोग होतो.

लघु-गुरूकडे कान हवा. लांब सूर गुरू अक्षरावरच द्या. 'कशाला'तल्या 'क'वर दोन ठोके दिले तर शब्द मोडतो. शेवटचा लांब सूर आ, ए किंवा ओ अशा उघड्या स्वरावर संपवा. 'बाजारात'सारख्या शब्दाने गाणं संपवलं तर गायकाला 'त'शी येऊन तोंड मिटावं लागतं आणि सूर तुटतो.

चाल आणि पट्टी

चालीचा पल्ला एक सप्तक आणि वर दोन-तीन सूर, याहून जास्त नको. या चित्रपटांत नाचणारे, विनोदी नट, सगळ्यांनाच गावं लागे. सर्वांत वरचा सूर एकदाच वापरा, आणि तो ब्रिजमध्ये किंवा शेवटच्या ए मध्ये ठेवा. पहिल्या आठ बारमध्येच तो खर्च केला की पुढची २४ बार उतार लागतो.

मोठी उडी सुरुवातीलाच हवी असेल तर बाकीचं आटोक्यात ठेवावं लागतं. हॅरल्ड आर्लेनच्या १९३९ च्या 'ओव्हर द रेनबो'मध्ये पहिल्याच शब्दाला पूर्ण सप्तकाची उडी आहे. ब्रिज मात्र जवळजवळच्या सुरांमध्ये पाळण्यासारखा हलतो. ब्रिजही तितकाच उड्या मारत असता तर पहिल्या उडीची किंमत राहिली नसती.

युगुलगीतात पट्टीची अडचण हमखास येते. पुरुषाला सी सोयीची असेल तर तीच चाल बाईला छातीच्या आवाजात गायला एफ किंवा जी लागते. दोघांना एकाच पट्टीत कोंबलं की एक जण पुटपुटतो, दुसरा ओरडतो. उपाय साधा आहे: त्याचा पूर्ण फेरा संपला की दोन बारचा जोड द्या, त्यात नव्या पट्टीची सेव्हन्थ कॉर्ड वाजवा (एफसाठी सी-सेव्हन, जीसाठी डी-सेव्हन), आणि तिला तिच्या पट्टीत सुरू करू द्या. शेवटी एकत्र गाताना एकाने चाल घ्यावी, दुसऱ्याने चालीच्या खालून किंवा वरून तिच्यापासून तिसरा किंवा सहावा सूर.

ब्रिज

बहुतेक गाणी इथेच मरतात, आणि मरण्याचं कारण एकच: ब्रिज म्हणजे आणखी एक ए असतो. तीन गोष्टींपैकी किमान दोन बदला: कॉर्ड, सुरांची लांबी, बोलण्याचा रोख. वरच्या नमुन्यात ए भाग विधानं करतात, ब्रिज प्रश्न विचारतो. ए मध्ये छोट्या सुरांची बडबड असेल तर ब्रिजमध्ये लांब सूर, किंवा याच्या उलट.

कॉर्डच्या तीन खात्रीच्या वाटा, सी पट्टीत. पहिली: ई-सेव्हन, ए-सेव्हन, डी-सेव्हन, जी-सेव्हन, प्रत्येकी दोन बार. दूर उडी मारून पायरी पायरीने घरी येणारी ही वाट चटपटीत, खोडकर गाण्याला शोभते. दुसरी: सी-सेव्हन, एफ, डी-सेव्हन, जी-सेव्हन, पुन्हा दोन-दोन बार, ही अधिक घरगुती आणि उबदार. तिसरी: सरळ वेगळ्या पट्टीत जाणं. जेरोम कर्न आणि डोरोथी फील्ड्स यांच्या 'द वे यू लुक टुनाइट'चा ब्रिज तीन अर्धसूर वरच्या पट्टीत उघडतो आणि खोलीत दिवा लागल्याचा भास होतो. पण तिथून परतायला शेवटचे दोन बार राखून ठेवा, नाहीतर तिसरा ए सुरू करताना गायक हमखास चुकतो.

ब्रिजमध्ये विनोद टाळा. पात्राच्या तोंडून नकळत खरं निसटायची हीच जागा आहे. तिथे कोटी केली तर ते निसटत नाही, लपतं. 'द वे यू लुक टुनाइट'च्या १९३६ च्या चित्रीकरणात हसू शब्दांत नाहीच: फ्रेड अस्टेअर पियानोवर तिच्या रूपाबद्दल गातो आहे आणि जिंजर रॉजर्स डोक्यावर शाम्पूचा फेस घेऊन बाहेर येते. शब्द सरळ, चित्र तिरकं. उलटं केलं तर दोन्ही फुकट.

विनोदी गाणं वेगळं. तिथे हशाचा शब्द ओळीच्या टोकाला आणि पुढचे दोन-चार ठोके रिकामे ठेवा. रंगमंचावर नट थांबू शकतो, पडद्यावर नाही. म्हणून ती रिकामी जागा वाद्यांच्या तुकड्याने आधीच भरून ठेवावी लागते. नाहीतर हशात पुढची ओळ बुडते.

व्हर्स

रिफ्रेनच्या (मुख्य ३२ बारच्या) आधीचा ८ ते १६ बारचा भाग, ज्याला त्या काळी व्हर्स म्हणत, तो बोलण्यातून गाण्यात उतरायचा जिना आहे. थोडेच सूर, बोलण्याची लय, सैल ताल, शेवट जी-सेव्हनवर. संवाद चालू असतानाच खालून पट्टी ऐकू येऊ द्या, म्हणजे नटाला पहिला सूर मिळतो आणि प्रेक्षक दचकत नाही. प्रसंग आधीच तापलेला असेल तर व्हर्स सरळ गाळा.

वेळेचा हिशेब

बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो, म्हणजे मिनिटाला १४४०. मिनिटाच्या ठोक्यांनी याला भागलं की एका ठोक्याच्या चौकटी मिळतात: १२० ला १२, १४४ ला १०, १६० ला ९, ९६ ला १५. पूर्ण आकडा येईल असाच वेग निवडा. नाचाची पावलं आणि कापण्याच्या जागा ठोक्यावर ठेवणं मग सोपं जातं.

१६ बार व्हर्स, ३२ बार गायन, ३२ बार नाच, शेवटी ब्रिज आणि ए मिळून १६ बार गायन: एकूण ९६ बार, ३८४ ठोके. १२० च्या वेगाने ३ मिनिटं १२ सेकंद. यापुढे गेलात तर नाचात नवं काहीतरी घडलं पाहिजे. नाचाच्या फेऱ्यात चाल ओळखू येत राहू द्या. वाद्यमेळ फारच हुशारी करायला लागला की प्रेक्षक गाणं विसरतो.

पियानोचा प्रसंग

गाणं तयार होताना दाखवायचं तर पूर्ण वाजवून टाकू नका. आधी फक्त ए, तोही वायफळ शब्दांवर. चालीची लांबी कळावी म्हणून असे तात्पुरते शब्द गीतकार खरोखरच वापरत. १९२४ च्या 'टी फॉर टू'चे सुरुवातीचे शब्द अर्विंग सीझरने असेच काम भागवण्यापुरते लिहिले होते आणि तेच कायम राहिले. मग दुसरा ए, थोडा सुधारून. ब्रिजपाशी गाडी अडू द्या. ब्रिज दुसऱ्या माणसाने सुचवला पाहिजे, आणि सुचवताना पहिल्याकडे बघू नये. तिसरा ए लागताच वाद्यवृंद खालून शिरू शकतो. त्याआधी व्हायोलिनं आली तर मेहनत खोटी वाटते.

आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि नट त्यावर ओठ जुळवतो. ध्वनिमुद्रणातले श्वासही ठेवा, नटाला त्यांचाच आधार असतो. पियानोवर नटाने डाव्या हाताच्या जागा नीट शिकल्या तर अर्धं काम होतं. खर्जातला चुकीचा हात लांबूनही कळतो. जलद बोटांचं जवळचं दृश्य वादकाच्या हातांवर वेगळं घ्या, बाही आणि अंगठी तीच ठेवून. चित्रीकरणाच्या वेळी तारांवर जाड नमद्याची पट्टी दाबून ठेवा, म्हणजे पट्ट्या खऱ्या हलतात आणि आवाज होत नाही.

रिप्राइज

पूर्ण ३२ बार कधीच नको. ब्रिज आणि शेवटचा ए, १६ बार. दाटलेल्या प्रसंगात नुसते शेवटचे आठ. वेग १२० वरून ८० वर आणा: १८ चौकटींचा ठोका, १६ बारना ४८ सेकंद. पियानो किंवा एखादंच वाद्य, नाच नाही, आणि शब्द तेच. इथे "नुसतं गाणं आहे हे"च्या जागी "नुसतं गाणं नाही हे" करायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका, प्रेक्षकाला जे स्वतः ऐकायचं आहे ते नटाने सांगून टाकलं की त्याला काम उरत नाही. त्याऐवजी ओळ वाटून द्या: "नुसतं गाणं आहे" एकाने म्हणावं, दोन ठोके मोकळे जाऊ द्यावेत, आणि राहिलेलं 'हे' दुसऱ्याने घरच्या सुरावर लावावं.