भिंतीवर तळहाताएवढा कोळी? या चुका टाळा

उष्ण प्रदेशातल्या घरात रात्री दिवा लावला आणि भिंतीवर चपटा, तपकिरी कोळी खेकड्यासारखे पाय आडवे पसरून बसलेला दिसला, तर तो बहुधा हंट्समन असतो. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. शरीर जेमतेम अडीच सेंटिमीटर, पण पायांसकट पसारा ७ ते १२ सेंटिमीटर. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, झुरळांच्या मागे फिरतो. त्याच्या विषापासून माणसाला सहसा धोका नसतो. गोंधळ होतो तो घाईमुळे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दिसला की झुरळांच्या औषधाचा फवारा मारणे. या औषधाने मोठा कोळी जागच्या जागी मरत नाही. आधी तो सैरावैरा पळतो, मग पायांची पकड सुटते. पुढचा प्रकार ठरलेला असतो. छतावरच्या कोळ्यावर खालून फवारा जातो, तो पलंगावर किंवा फवारणाऱ्याच्याच खांद्यावर पडतो आणि तिथून कपाटामागे शिरतो. मग कपाटामागे अर्धा डबा रिकामा होतो, घरातले खोकत बाहेर येतात आणि कोळी नेमका कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. भिंतीवर डोळ्यांसमोर होता तोवर तो पकडणं सोपं होतं. त्याच खोलीत रात्री झोपायचं असतं, हेही फवारताना कुणाच्या लक्षात येत नाही.

चप्पल किंवा झाडू मारू नका. हंट्समनची मादी पोटाखाली अंड्यांची चपटी, गोल पिशवी धरून फिरते. वुल्फ या दुसऱ्या प्रकारच्या कोळ्याची मादी तर पिल्लं पाठीवर वाहते. फटका बसला की ती सगळी फरशीभर पसरतात.

फुंकर मारू नका, पंखाही बंद करा. पायांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल लगेच कळते आणि कोळी पळत सुटतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चहाचा ग्लास. त्याचं तोंड ७ सेंटिमीटर, कोळी १२. पाय काठाखाली चिरडतात, तुटतात, आणि उरलेल्या पायांवर तो निसटतो. किमान १५ सेंटिमीटर तोंडाचा पारदर्शक, सपाट काठाचा प्लास्टिकचा डबा घ्या. सोबत फाइलचा जाड पुठ्ठा. वहीचा कागद वाकतो आणि फट राहते. कोळी कोपऱ्यात किंवा स्विचबोर्डाजवळ असेल तर लांब दांड्याच्या झाडूने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करून त्याला सपाट भिंतीवर येऊ द्या. डबा सावकाश जवळ न्या, शेवटचे चार-पाच सेंटिमीटर मात्र झटक्यात टेकवा. मग पुठ्ठा एका बाजूने हळूहळू सरकवा आणि प्रत्येक पाय त्याला स्वतःहून उचलू द्या. इथेच लोकांचा धीर सुटतो. अर्धा मिनिट थांबवत नसेल तर डबा हातातच घेऊ नये. बाहेर झाडांपाशी डबा आडवा ठेवा, तोंड तुमच्यापासून दूर, आणि मागे व्हा.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हा उपाय सरसकट वापरू नका. तिथे फोन्यूट्रिया हे भटके कोळी घरात, बुटांतही शिरतात आणि डिवचले की पुढचे पाय उंच उभारतात. त्यांचा दंश गंभीर ठरू शकतो. लांबूनच फोटो काढा, दार लावा, दाराखालची फट टॉवेलने बुजवा आणि जाणकाराला बोलवा. तिथल्या टॅरँट्युला या मोठ्या केसाळ कोळ्यावर तोंड नेऊन वाकू नका. बऱ्याच जाती पोटावरचे केस उडवतात आणि ते डोळ्यांत रुततात.

कोपऱ्यात हलका, पोकळ, न हलणारा कोळी दिसला तर ती टाकलेली कात असू शकते. पण आधी काडीने हलवून बघा.

चावलाच, तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, यातलं काहीही करू नका. दुखणं वर पसरत गेलं, दरदरून घाम फुटला, उलटी झाली किंवा श्वास अडला, तर लगेच दवाखाना गाठा आणि काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवा.