मशिन एम्ब्रॉयडरीसाठी लोगो देताय? या चुका टाळा

गणपतीआधी मंडळांच्या टी-शर्टांची घाई सुरू झाली की आमच्याकडे लोगो येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरचा फोटो. कडा फाटलेल्या, रंग एकमेकांत मिसळलेले. मग रेषा नेमकी कुठे संपते, याचा अंदाज पंचिंगवाल्याला (लोगोचं मशिनच्या टाक्यांत रूपांतर करणाऱ्याला) बांधावा लागतो आणि तोच अंदाज कापडावर उमटतो. ज्याने लोगो बनवला त्याच्याकडून कोरलड्रॉची मूळ फाइल मागून घ्या. अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी आकारात बदललेली हवीत, नाहीतर आमच्याकडे तो फॉन्ट नसला की मराठी नावाच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं.

सगळ्यात मोठी चूक मापाची. बॅनरवरचा लोगो छातीवर येतो तेव्हा जेमतेम तीन-साडेतीन इंचांचा होतो. नेहमीचा 40 नंबरचा धागा साधारण 0.4 मिमी जाड असतो, त्यामुळे 1 मिमीपेक्षा बारीक रेषेत सॅटिन टाका (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा दाट टाका) नीट बसत नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षर 5 मिमीला चालून जातं. मराठीला मी 8 मिमी मागतो, कारण त्याहून लहान केलं की 'ष'चं पोट भरतं, 'ध'ची गाठ बुजते आणि अनुस्वार टी-शर्टच्या जाळीत बुडतो. रजिस्टर नंबर, पत्ता लोगोतून काढाच.

शिरोरेषेकडे तर खास लक्ष द्या. तिचे टाके वरखाली पडतात. धागा ताणला की तिची खालची कड वर सरकते, दंड (अक्षराची उभी रेघ) सुटा पडतो आणि मधून कापड डोकावतं. स्क्रीनवर दोन्ही चिकटलेले दिसले तरी पंचिंगमध्ये दंडाचं वरचं टोक शिरोरेषेच्या टाक्यांखाली अर्धा मिमी तरी आत सरकवायला सांगा.

शेडिंग, सावली नको. सपाट रंग द्या आणि धाग्याच्या शेडकार्डवरचा नंबर सांगा.

छातीची डीएसटी फाइल (पंचिंगनंतर मशिनला देतात ती) ओढून पाठीवर वापरू नका. त्या फाइलीत फक्त टाके असतात. मशिनवर मोठी केली की ते विरळ होतात, लहान केली की दाट होऊन कापड गोळा होतं, सुईही तुटते. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पंचिंग नव्याने करून घ्या.

माप बरोबर असूनही होजियरीचं कापड चुण्या धरत असेल, तर आधी बॅकिंग (भरतकामाच्या मागे लावायचं अस्तर) तपासा. ताणणाऱ्या कापडाला फाडून काढायचं बॅकिंग पुरत नाही, कापून काढायचं लागतं. सॅम्पल त्याच कापडावर, त्याच रंगावर काढा. हातभर अंतरावरून मंडळाचं नाव न अडखळता वाचता आलं, की बाकीचे टी-शर्ट मशिनवर चढवा.