पावसाआधी बांबू घरी आणायचाय? मग आधी हे उरकून घ्या

बांबू जगेल का ही काळजी सोडून द्या, ते गवत आहे, आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडची गर्मी त्याला मस्त मानवते, ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात तो कोणी पाणी न घालता वाढतोच आहे. खरा प्रश्न असा की तो वाढला तर ठेवणार कुठे, उचलणार कोण आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पानं पडायला लागली की त्यांना सांगणार काय. म्हणून ही सगळी यादी झाड घरात यायच्या आधीची आहे. एप्रिल-मे मध्ये हे करून ठेवलं की मृग लागल्यावर फक्त लावायचं काम उरतं.

पहिलं म्हणजे जागा. फोटोत छान दिसेल तो कोपरा नाही, ऊन किती तास येतं ते बघा, निदान ४-५ तास थेट ऊन पाहिजेच. समोर टॉवर झालेला असेल (ठाण्यात कोणाच्या समोर नाही म्हणा) तर एखाद्या रविवारी दर दोन तासांनी डोकावून ऊन कुठवर आलंय ते खडूने फरशीवर मार्क करून ठेवा. आणि एक गंमत लक्षात घ्या, दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन पार हॉलपर्यंत येतं, पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे बरोबर डोक्यावर, उलट किंचित उत्तरेकडेच असतो, म्हणजे जेव्हा नवे कोंब फुटायचे तेव्हाच त्या बाल्कनीत ऊन कमी. हिवाळ्यात बघून जागा ठरवलीत तर हमखास फसाल.

उन्हानंतर वारा. घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर किंवा सीवूड्स-नेरूळला खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात जो वारा सुटतो तो उंच बांबूला शिडासारखा धरतो आणि कुंडीसकट आडवा करतो. त्यामुळे आधीच रेलिंगच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी बांधायची सोय करून ठेवा, नायलॉनची दोरी काचते म्हणून रुंद पट्टी किंवा जुन्या सायकलची ट्यूब घ्या. कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर काढलेल्या पेटीत बांबू ठेवायचा नाही म्हणजे नाही, खाली माणसं चालतात.

आता वजन, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याच्याबद्दल नर्सरीवाला काही सांगत नाही. २०० लिटरचा निळा ड्रम आडवा कापला की बांबूसाठी झकास भांडं होतं, सगळेच तो वापरतात, पण त्या अर्ध्या ड्रममध्ये साधी माती भरून पाणी घातलं की एकाचंच वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. असे चार ओळीने बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला मांडले तर बिल्डिंगला ते आवडणार नाही. गच्चीवर ठेवायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, इंजिनिअरला विचारून बीम-कॉलमच्या वरचीच जागा निवडा, वॉटरप्रूफिंग कधी झालंय ते विचारा आणि भांड्याखाली विटा ठेवा म्हणजे खालून पाणी निघून जाईल, नाहीतर शेवटच्या मजल्यावर ओल आली की ती तुमच्या बांबूमुळेच आली असं पुढच्या मीटिंगमध्ये ठरेल, खरं काहीही असो. बाल्कनीसाठी १८ ते २० इंची कुंडी किंवा तेवढ्याच मापाची जाड ग्रो बॅग (झाडं लावायची पिशवी) पुरते. रुंद भांडं घ्या, बांबूची मुळं फार खोल जात नाहीत, आडवी पसरतात.

मग येतो कुठला बांबू हा मुद्दा. दोन जाती मुळातून वेगळ्या असतात, एक बेटाने वाढणारा म्हणजे एकाच जागी घट्ट जुडी करणारा आणि दुसरा जमिनीखाली लांब धावून भलतीकडेच डोकं वर काढणारा. आपल्याला फक्त बेटवाला पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटवालेच असतात, पण ऑनलाइन मागवताना गोल्डन बांबू एवढंच नाव वाचून ऑर्डर टाकू नका, त्या नावाने फायलोस्टॅकिस ऑरिया हा धावणाराही मिळतो आणि आपला पिवळ्या काठीवर हिरव्या रेघांचा बांबूसा व्हल्गॅरिसही लोक त्याच नावाने विकतात. हा पिवळा बांबू दिसतो देखणा, पण जमिनीत तीन-चार मजली बिल्डिंगशी बरोबरी करतो, बंगल्याची किंवा तळमजल्याची जागा असेल तरच घ्या, तीही कंपाउंड वॉल आणि ड्रेनेज लाइनपासून लांब. बाल्कनीसाठी माझं मत विचाराल तर बांबूसा मल्टिप्लेक्स, बारीक काठ्या, दाट पानं, कुंडीत साधारण ८-१० फुटांवर आवरता येतो आणि शेजारच्या खिडकीसमोर हिरवा पडदा पाहिजे असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. बुद्धा बेली हौसेने घेतात, फुगीर पेरांचा, पण ती पेरं कुंडीत मुळं आवळलेली आणि पाणी बेताचं असलं की फुगतात, मोकळ्या जमिनीत भरपूर खाऊपिऊ घातलंत तर तो सरळसोट वाढतो आणि मग लोक नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. कोकणातला माणगा बिनकाट्याचा असतो, गावी जागा असेल तर तो जरूर लावा. कळक, म्हणजे काटेरी बांबू, घराजवळ नकोच.

आणि हो, काचेच्या वाटीत पाण्यात उभा असतो तो लकी बांबू बांबू नाहीच, ते ड्रॅसिना आहे, मूळचं मध्य आफ्रिकेतलं. त्याची तयारी पाच मिनिटांची, थेट ऊन नको, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरायचं, आठवड्याला बदलायचं, घरात मांजर असेल तर तिच्या तोंडापासून लांब ठेवायचं कारण तिला ते बाधतं. किती काड्या ठेवल्या की पैसे येतात हे मला विचारू नका.

माती मे महिन्यातच कालवून ठेवा. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारखं घ्या, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड टाका, पाणी लवकर निचरावं म्हणून भाताचं तूस मिळालं तर तेही. शेणखत ताजं, वाफ निघणारं नको, मुळं भाजतात. भोकांवर विटांचे तुकडे ठेवा, आणि भोकं एक-दोन नाहीत, ड्रमला तळाशी आठ-दहा तरी पाडा, आपल्याकडे जुलैत तीन-तीन दिवस न थांबता पडतो तेव्हा बांबू तहानेने नाही, साचलेल्या पाण्याने मरतो.

नर्सरीत जाल तेव्हा उंचीला भुलू नका. बांबूची काठी जमिनीतून वर येते तीच आपली जाडी घेऊन, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंच होते आणि नंतर ती ना उंच होत ना जाड, पुढच्या वर्षी येतात त्या नव्या काठ्या मोठ्या असतात. म्हणजे एक लांबलचक काठी बांधून उभी केलेलं झाड महाग घेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा बुटकं पण चार-पाच काठ्यांचं आणि बुडाशी टोकदार डोळे, म्हणजे फुटू घातलेले कोंब, दिसणारं घ्या. पानं उलटी करून बघा, पांढरा कापूस म्हणजे मिलीबग, बारीक जाळी म्हणजे लाल कोळी ही कीड, असलं झाड फुकट दिलं तरी नको. टेम्पोत आडवं टाकून आणताना ओल्या गोणपाटाने झाका, पानं वाऱ्याने तासाभरात करपतात. सोसायटीच्या लिफ्टचं दार किती उंच आहे तेही आधी मोजा, हसू नका.

लावायच्या दिवशी पिशवी फाडून मुळांचा गोळा न फोडता ठेवायचा, आधी जेवढा मातीत होता तेवढाच, वर दोन-तीन इंच जागा सोडायची आणि भरपूर पाणी. लगेच खत नाही, महिनाभर थांबा, मग पावसाळाभर महिन्याला दोन मुठी गांडूळखत. गळलेली पानं झाडून टाकू नका, बुडाशीच राहू द्या, बांबूला सिलिका लागतं आणि ते त्या पानांतूनच परत मिळतं, ओलही टिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरीच पानं पिवळी होऊन गळतात आणि लगेच नवी येतात, तेव्हा घाबरून औषधं मारत बसू नका. पानं सुरळीसारखी वळली तर मात्र पाणी कमी पडतंय, एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज लागतं, टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर एक बादली कुठून काढणार हे आत्ताच ठरवा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरा, कुंडीत रोज घातलं तर क्षार साठून पानांची टोकं जळतात.

कुंडीखाली प्लेट ठेवलीत तर आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी हेच तपासायला येतात. खरं तर पावसाळ्यात प्लेट काढूनच टाका.

हत्यारं फार नाहीत, एक सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), एक बारीक दातांची करवत, हातमोजे आणि किडीसाठी कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड. छाटताना गाठीच्या किंचित वरच कापा, दोन गाठींच्या मध्ये कापलं तर नळीत पाणी साचतं आणि परत डास. शेंडा कापलेली काठी पुन्हा उंच होत नाही, बाजूने फुटते, त्यामुळे उंची हवी तिथेच थांबवता येते. जुन्या, तीन वर्षांपुढच्या काठ्या बुडातून काढायच्या, नव्या कोंबांना हात लावायचा नाही, लहान पोरांनाही सांगून ठेवा, कोवळा कोंब नुसत्या धक्क्याने मोडतो आणि मोडला की तो गेला. कोंब भाजीला काढायचा विचार असेल तर कच्चा खाऊ नका, त्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, कापून उकळून पाणी फेकून मगच.

दोन-तीन वर्षांनी मुळं कुंडी फुगवतात, ग्रो बॅग उसवते, तेव्हा बेट बाहेर काढून करवतीने दोन भाग करावे लागतात, जूनच्या सुरुवातीलाच. या कामाला दोन माणसं लागतात, आणि दुसरा भाग कोणाला देणार तेही आधीच ठरवून ठेवा.