‘नवी प्रजाती’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पहिला पाऊस पडला की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जिन्यातल्या दिव्याखाली भुंगेऱ्यांची जत्रा भरते. तिथेच मला एकदा पिवळट, मऊ अंगाचा एक कॅराबिड, म्हणजे जमिनीवर पळणारा शिकारी जातकुळीतला भुंगेरा, सापडला. कुठल्याच चित्राशी जुळेना. नवी प्रजातीच सापडली, या उत्साहात चार जणांना फोटो धाडले. डबीतला तो पठ्ठ्या चौथ्या दिवशी काळा कुळकुळीत! कोषातून नुकताच बाहेर आला होता, एवढंच. पाठीचं कवच दाबून पाहा. दबत असेल तर रंगावर काहीही ठरवू नका, थांबा.

दुसरी फसगत कुळाची. टेनेब्रिओनिड हे भुंगेऱ्यांचं वेगळं कूळ, पण तेही असेच काळे आणि तसेच जमिनीवर फिरणारे. मागच्या पायाच्या पंजाची पेरं मोजा: कॅराबिडला ५, टेनेब्रिओनिडला ४. मोजायला साधं भिंग पुरतं.

येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मात्र डबी घेऊन शिरू नका. वनविभागाची लेखी परवानगी लागते.

स्वतःच्या आवारात मातीत पेला पुरून सापळा लावणार असाल, तर पेल्याची कड मातीच्या अगदी समपातळीत हवी. कड जराशी वर राहिली तरी भुंगेरा वळसा घालून निघून जातो आणि आपण म्हणतो, इथे काहीच नाही. ठाण्याच्या पावसात पेल्याची विहीर होते, म्हणून वर दोन बोटं अंतर सोडून छप्पर हवंच. पडलेले किडे टिकावेत म्हणून पेल्यात गाडीचं कूलंट ओतायचा सल्ला मिळेल. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि मांजर-कुत्र्यांचा जीव घेतं. ते नको. फॉर्मॅलिनही नको, पुढे डीएनए तपासायचा झाला तर तो खराब झालेला असतो. ९५ टक्के अल्कोहोल बरं.

चिठ्ठीवर नुसतं ‘ठाणे’ लिहिलेला नमुना माझ्या लेखी मेलेला भुंगेरा, दुसरं काही नाही. नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, कसा पकडला आणि कोणी, हे त्याच रात्री लिहा.

आता ओळख. कीटकतज्ज्ञ एच. ई. अँड्र्यूज यांचे भारतीय कॅराबिडांवरचे दोन खंड १९२९ आणि १९३५चे. त्यात सापडला नाही म्हणजे नवा, असं होत नाही. मधल्या काळात नावं बदलली, नव्यांची भर पडली. जवळच्या प्रजातींमध्ये पुष्कळदा बाहेरून फरक दिसतच नाही, तो नराच्या जननेंद्रियाच्या आकारात असतो. म्हणून एकुलत्या एका मादीवर बेत रचू नका. काढलेला अवयव ग्लिसरीनच्या बारीक कुपीत घालून त्याच टाचणीला लावा, वेगळा ठेवलात की हरवलाच. पंखांवरूनही घाई नको, एकाच प्रजातीत लांब आणि आखूड पंखांचे भुंगेरे सापडतात.

नाव देताना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना, कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, हे लिहावंच लागतं. काम फक्त ऑनलाइन छापलं जाणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी. फेसबुकवर टाकलेलं नाव नाव नव्हे.

सगळ्यात मला खटकते ती मात्र वेगळीच चूक: सापडल्याबरोबर मारणं. क्लेनियस हा कॅराबिडांपैकीच एक, पण मेलेला क्लेनियस वास सोडत नाही. जिवंत असताना बोटात धरला तर फिनाइलसारखा उग्र वास येतो. बॉम्बार्डिअर भुंगेऱ्याचा ‘फट्’ आवाज आणि १०० अंशांपर्यंत तापलेला फवाराही टाचणीवर दिसणार नाही. त्याच्या काही प्रजातींच्या अळ्या जमिनीत बिळं करणाऱ्या रातकिड्यांची अंडी खाऊन वाढतात, हे कुणीतरी धीर धरून बसलं म्हणूनच कळलं. ‘शिकारी असावा’ असं अंदाजाने लिहू नका. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळा, स्टूल घ्या आणि बसा. आमच्या कुंपणापाशी एकाच रात्री एकाने गांडूळ धरलं होतं आणि दोन वीत अंतरावर दुसरा निवांत गवताचं बी कुरतडत होता.