सगळे ठिपके एकाच तिरक्या रेषेत: मॅट्रिक्स स्लाइड कशी सुधारली

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं वेगळेपण दाखवणारी मॅट्रिक्स स्लाइड होती, म्हणजे दोन अक्षांनी चार चौकोनांत विभागलेली आकृती. प्रत्येक ठिपका म्हणजे बाजारातलं एक तेल. आडवा अक्ष किंमत, उभा अक्ष दर्जा. सगळे ठिपके डावीकडून वर चढणाऱ्या एकाच रेषेत आले आणि दोन चौकोन रिकामे राहिले. कारण उघड आहे: दर्जा वाढला की किंमत वाढतेच, म्हणजे दोन्ही अक्ष एकच गोष्ट सांगतात.

उपाय म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेले अक्ष. आडवा: गाळल्यापासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंतचे दिवस. उभा: लिटरमागे किंमत. दोन्ही मोजता येतात. ‘दर्जा’, ‘विश्वास’ असले शब्द अक्षावर नकोतच. पहिलाच प्रश्न ‘कोणी ठरवलं?’ असा येतो.

पॉवरपॉइंटच्या १६:९ स्लाइडवर १४ सेंमीचा चौरस, शिफ्ट दाबून मधोमध दोन सरळ रेषा. ठिपके १ सेंमीचे, स्पर्धक राखाडी, आपला एकच रंगीत. अक्षरं १८ पॉइंटच्या खाली नकोत. ठिपके सहाच्या वर गेले की नावं एकमेकांवर चढतात. रिफाइंड तेल मात्र वगळू नका, गिऱ्हाईक तुलना त्याच्याशीच करतं.

आपला ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात बसवण्यासाठी अक्ष उलटे करण्याचा मोह होतो. इथे कमी दिवस चांगले, म्हणून आपला ठिपका डावीकडेच राहू दिला. व्यवस्थापनतज्ज्ञ इगोर अन्सॉफ यांची १९५७ सालची मॅट्रिक्स इथे वापरू नये; ती धंद्याच्या वाढीच्या दिशा दाखवते, वेगळेपण नाही.