घरी गणित शिकवा, पण वजाबाकीत 'उसना' म्हणू नका

गेली चौदा वर्षे गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घराच्या सोप्यावर पहिली ते चौथीची मुले गणिताला बसतात. आधी घरची दोन, मग शेजारची, मग त्यांची मावसभावंडे. दिवेलागणीच्या आधी पाऊण तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. शाळा आपले काम करते. घरी काय करावे याबद्दल पालकांना जे सल्ले मिळतात, ते ऐकून मात्र माझे डोके उठते. रोज दोन पाने सोडवून घ्या, अबॅकसला घाला, पाढे पाठ झाले की गणित आले. पाने भरून हात सराईत होतो, एवढेच. ५२ मधला ५ म्हणजे पन्नास हे ज्याला दिसत नाही, त्याच्याकडून पन्नास पाने भरून घेतलीत तर तो एकच चूक पन्नास वेळा करील.

वही-पेन्सिल घरात असतेच. शिवाय लागतात ते हीर. माडाच्या हिरांचा एक नवा खराटा सोडा, वितीएवढे तुकडे करा आणि दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा. दहा जुड्यांची एक मोळी. चिंचोके किंवा मणी मोजायला चालतात, पण त्यांची जुडी बांधता येत नाही आणि सोडताही येत नाही, आणि आपले सगळे काम त्या बांधण्या-सोडण्यातच आहे. कच्च्या काजूबिया मात्र मुलांच्या हाती देऊ नका. दातांनी फोडायचा मोह होतो आणि सालीतल्या तेलाने ओठ भाजतात.

आकडा ऐकून लिहिणे

'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहायचा असतो. म्हणून मूल ३५ लिहिते. त्याला 'उलटे लिहू नको' म्हणून ओरडू नका, त्याने जसे ऐकले तसेच लिहिले आहे. त्यात आमच्याकडे घरात कोकणी, म्हणजे स, णव, धा, आणि पुस्तकात सहा, नऊ, दहा. मुले हे दोन्ही सहज पेलतात. अडतात ती जोडअंकांच्या नावांपाशी.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर त्या रीतीच्या बाजूने ठामपणे बोलल्या होत्या. माझा अनुभवही त्यांच्याच बाजूने कौल देतो. दोन-तीन महिने पाच जुड्या आणि तीन हीर हातात घेऊन 'पन्नास तीन, त्रेपन्न' असे जोडीने म्हणून घ्या. पुढे पहिला भाग गाळा, कारण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी पन्नास तीन रुपये मागत नाही, त्रेपन्नच मागतात.

एकोणीस, एकोणतीस पासून एकोणनव्वदपर्यंतचे आठ आकडे वेगळे काढा. 'एकोणसाठ'मधला साठ कानावर पडला की हात सहाकडे जातो आणि वहीत ६९ उमटतो. इथे सहा जुड्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, साठाला एक उणा कर. एक हीर काढायचा तर एका जुडीचे रबर सोडावेच लागते. उरतात पाच जुड्या आणि नऊ सुटे. ही सवय लागू द्या, पुढे फार कामाला येते. नव्व्याण्णव मात्र या कुळातला नाही, तो तसाच पाठ करायचा.

बेरीज

दहा सुटे जमले की रबर लावायचे, हाच हातचा. आठवड्यात येते. पुढे चला.

वजाबाकी

इथे थांबायचे, आणि भरपूर थांबायचे.

माझा थोरला तिसरीत असताना ५२ − ३८ चे उत्तर ४ लिहायचा. ७१ − ४६ चे १५. ८४ − २७ चे ४७. मी रागावले, पाटीवर पुन्हा पुन्हा दाखवले, सुटीच्या दिवशी ओळीने चाळीस गणिते घातली. चाळीसही चुकली. तो रडला आणि दोन दिवस पाटीजवळ फिरकला नाही. या काळातल्या माझ्या वागण्याचे मला आजही वाईट वाटते, कारण उत्तरे माझ्यासमोर होती आणि मी ती नीट पाहिली नव्हती. १४ च्या जागी ४, २५ च्या जागी १५, ५७ च्या जागी ४७. प्रत्येक उत्तर बरोबर दहाने कमी. हलगर्जीपणाच्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी मी म्हटले, लिहू नकोस, नुसते बोलून दाखव. तो म्हणाला, "दोनातून आठ जात नाहीत. शेजारच्या पाचाकडून एक उसना घेतला, पाचाचे चार राहिले. बारातून आठ गेले, चार. आता उसना परत दिला, खालच्या तिनाचे चार झाले. चारातून चार गेले, शून्य."

परत द्यायला कोणी सांगितले? आजोबांनी.

आजोबांचे काही चुकत नव्हते. त्यांच्या पिढीतल्या अनेकांची रीत अशी: वरच्या एककाला दहा द्यायचे आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या दशकात एक मिळवायचा. वरच्या पाचाला हातच लावायचा नाही. वरची आणि खालची संख्या दोन्ही दहानेच वाढल्या, म्हणजे फरक तोच राहिला. बारातून आठ गेले चार, हातचा एक, तीन आणि एक चार, पाचातून चार गेले एक. उत्तर १४. मी शिकवत होते ती शाळेची रीत: वरच्या पाचातला एक दशक सुटा करायचा, पाचाचे चार करायचे, खालच्या संख्येला हात लावायचा नाही. दोन्ही रीती बिनचूक. आम्ही दोघांनी शब्द मात्र एकच वापरला, उसना. पोराने दोन्ही रीती प्रामाणिकपणे पाळल्या आणि तोच दशक दोनदा वजा केला.

म्हणून माझे दोन नियम आहेत आणि मी ते कोणाहीसाठी सैल करत नाही. एक, घरात वजाबाकीची रीत एकच. शाळेत जी चालते तीच. आजी-आजोबांना आधी बसवून ती दाखवा, त्यांचा मान राखून. आमच्या आजोबांनी ती पाहिली, मानली, आणि त्यानंतर रोजच्या उत्तरांचा ताळा घेण्याचे काम आपल्याकडे घेतले: उत्तर आणि खालची संख्या यांची बेरीज वरच्या संख्येएवढी आली पाहिजे.

दुसरा नियम, 'उसना' हा शब्द घरातून हद्दपार. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली की वाटी भरून परत जाते, हे आपणच मुलांना शिकवतो. माझ्या धाकटीने तर पहिल्याच दिवशी विचारले, "आये, परत केन्ना दिवपाचें?" म्हणजे, परत कधी द्यायचे? प्रश्न अगदी रास्त होता. शाळेच्या रीतीत बाहेरून काही येतच नाही, मग परत काय द्यायचे? त्याऐवजी 'मोडणे' म्हणा. दहाची नोट मोडली की दहा सुटे रुपये हातात येतात. पैसे तेवढेच राहतात, देणे कोणाचेच नाही. मोडणे हा व्यवहार पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतो, कारण सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो तेव्हा शंभराची नोट पुढे केली की तो सुट्टे मागतो, हे त्याने दारात उभे राहून पाहिलेले असते.

आता प्रत्यक्ष. मुलापुढे पाच जुड्या आणि दोन सुटे हीर ठेवा. कागद नको. फक्त म्हणा, मला यातले अडतीस दे. तीन जुड्या लगेच येतात. मग दोन सुटे येतात. मग हात थांबतो. इथे तुम्हीही थांबा. सुचवू नका, आणि रबराला तर हातच लावू नका. धाकटी उरलेल्या दोन जुड्यांकडे बराच वेळ बघत बसली, एक उचलून कानाजवळ हलवली, खाली ठेवली आणि मग विचारले, "हे रबर काढू?" मी मान डोलावली. दहा हीर सोप्याच्या लादीवर पसरले. तिने ते गोळा केले, सहा मोजून माझ्या हातात दिले आणि स्वतःच बोलली, "एक जुडी आणि चार. चौदा." रबर सोडायची गरज मुलाला स्वतःला भासली पाहिजे. तुम्ही सोडून दाखवलेत की तो तुमचा नियम होतो, आणि तुमचा नियम सोमवारपर्यंत विसरला जातो.

तीन दिवस फक्त हीर. चौथ्या दिवसापासून हीर आणि वही शेजारी शेजारी: रबर सुटले की त्याच क्षणी ५ वर काट मारून ४ लिहायचा, एककावर १२. हाताने एक कृती, पेन्सिलीने एक खूण. आठवडाभराने हीर बाजूला. हे पहिले तीन दिवस वाचवायला जाऊ नका. मी गडबड केली त्या प्रत्येक मुलाला दोन महिन्यांनी पुन्हा मागे आणावे लागले.

मग शून्य. ५०३ − २६७. चांगली चांगली मुले इथे पडतात. यासाठी नोटा घ्या, कागदाच्या कापलेल्या चालतील: शंभराच्या पाच, दहाची एकही नाही, रुपयाची नाणी तीन. द्यायचे आहेत दोनशे सदुसष्ट. सात सुटे हवेत, आहेत तीन. दहाची नोट मोडावी तर ती नाही. तेव्हा शंभराची मोडायची, दहाच्या दहा येतात. त्यांतली एक मोडायची, दहा सुटे येतात. आता पुढ्यात शंभराच्या चार, दहाच्या नऊ, सुटे तेरा. तेरातून सात सहा, नवातून सहा तीन, चारातून दोन दोन. २३६. 'शून्याचे नऊ होतात' असा नियम पाठ करून घेणाऱ्यांवर माझा राग आहे. नऊ कुठून आले हे नोटांत दिसते: दहा आल्या होत्या, एक मोडली.

मुलाचे उत्तर चुकले तर आकडा बघा, तो बोलतो. ३६४ आले तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे, त्याला परत हिरांकडे न्या. २६६ आले तर त्याने शंभराची नोट थेट सुटी केली, दहाच्या घराला विसरला, आणि शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहाच लिहिले. २४६ आले तर दहा नोटा आल्या हे त्याला कळले, त्यांतली एक मोडली हे लिहायचे राहिले. तिन्हींना 'चूक' एवढेच म्हणून पुन्हा तेच गणित घालणे म्हणजे तापावर, खोकल्यावर आणि मुरगळलेल्या पायावर एकच गोळी देणे.

सरावासाठी वह्या विकत घेऊ नका. देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत शोधली. तिचे तीन अंकी धाकटे भावंड तिसरीला अगदी योग्य आहे. कोणतेही तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. उत्तराच्या अंकांवर पुन्हा तेच. ५२१ − १२५ = ३९६. ९६३ − ३६९ = ५९४. ९५४ − ४५९ = ४९५. आणि इथे ती अडकते, कारण ४९५ पासून पुन्हा ४९५ च येते. यातल्या प्रत्येक वजाबाकीत दोनदा मोडावे लागते, एकदाही सुटका नाही. शिवाय तपासायला सोपे: मधला अंक नेहमी ९, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. मात्र ९९ आले तर ते ०९९ असे लिहून पुढे जा. हा खेळ मुले जेवणाच्या पानावर बसूनही सोडत नाहीत.

बाकीचे

गुणाकारासाठी चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) ताटात सहा-सहाच्या चार ओळींत मांडा, मग ताट आडवे फिरवा: चार-चारांच्या सहा ओळी. नेवऱ्या तेवढ्याच. हे पटले की दहापर्यंतच्या पाढ्यांतल्या शंभर गुणाकारांपैकी पाठ करायला पंचावन्नच उरतात. पाढे पाठ हवेतच, त्यावर माझ्याशी वाद घालू नका, पण ओळी मांडून झाल्यावर.

भागाकार म्हणजे वाटे घालणे. बाजारात भाजीचे वाटे पाहिलेल्या मुलाला आणखी काही सांगावे लागत नाही. फक्त 'बारा बांगडे, तीन वाटे, एकात किती' आणि 'बारा बांगडे, एका वाट्यात तीन, वाटे किती' हे दोन्ही प्रश्न विचारत जा.

अपूर्णांकांना उंडे, म्हणजे पोदेराचे गोल पाव, मोडा: अर्धा भाग आणि पाव भाग. त्यासोबत जुनी निमकी आणि पावकी, म्हणजे अर्ध्याचा आणि पावाचा पाढा, दहापर्यंत म्हणून घ्या.

राहिली पाचवी. आपल्याकडे मराठी प्राथमिकमधली बहुतेक मुले पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात, आणि चौथीपर्यंत हुशार असलेले मूल तिथे अचानक गप्प होते. चौथीच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज एक वजाबाकी इंग्रजीत बोलून करून घ्या. 'फिफ्टी थ्री'मध्ये दशक आधी येतो, 'पन्नास तीन' म्हटलेल्या मुलाला ते लगेच ओळखीचे वाटते. आणि एक गोष्ट आठवणीने सांगून ठेवा: तिथे टीचर 'बॉरो' म्हणतील. बॉरो म्हणजे नोट मोडणे, काही परत द्यायचे नाही.